कूर्चेतल्या पाण्याचा माग

विल्यम हंटरने हाडावरची कूर्चा पापुद्र्या-पापुद्र्याने सोलून पाहिली, पण ती सोलली जाईना. जोर लावल्यावर तिचे बारीक तुकडे हाडापासून सुटले आणि उरलेल्या भागाची कड दर वेळी हाडाशी काटकोन करून सरळ उभी तुटलेली दिसली. भिंगाखाली तिचा पृष्ठभाग त्याला मखमलीसारखा वाटला. मखमलीचे रेशमी धागे विणलेल्या कापडावर जसे उभे असतात, तसेच कूर्चेचे तंतू हाडावर उभे असले पाहिजेत, असे अनुमान त्याने काढले. स्कॉटलंडहून लंडनला आलेला हा शरीररचनाशास्त्रज्ञ तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता. १७४३ साली त्याचा निबंध रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एक निकालही देऊन ठेवला : कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ अस्थिरोगतज्ज्ञ हा निकाल एकमेकांना ऐकवत आले आहेत.

हंटरच्या हातात मेलेल्या माणसाचा सांधा होता. जिवंत माणसाच्या गुडघ्यात, कातडीला धक्काही न लावता, तेच तंतू शाबूत आहेत की विस्कटले आहेत हे पाहायला एकविसाव्या शतकाचे पहिले दशक सरत यावे लागले. या तपासणीत तंतू थेट दिसत नाहीत. त्यांच्यामधून भटकणाऱ्या पाण्याच्या रेणूंवरून त्यांची ठेवण ताडली जाते. डिफ्यूजन एमआरआय, म्हणजे पाण्याच्या विसरणावर आधारलेला एमआरआय, ही ती पद्धत. ती कूर्चेपर्यंत पोचली, त्यामागे शरीररचनाशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र अशा तीन वाटांचा इतिहास आहे.

‘गुडघ्याची गादी झिजली’ असे ज्या थराबद्दल पेशंटला सांगितले जाते, तो थर जाडीला साधारण २ ते ४ मिलिमीटर असतो. गुडघ्याच्या वाटीमागे तो त्याहून जाड भरतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. पेशी आहेत, पण एकूण आकारमानाच्या काही टक्केच. वजनाचा ६५ ते ८० टक्के हिस्सा पाण्याचा. उरलेल्यात दोन घटक महत्त्वाचे : टाइप-२ कोलॅजेनचे चिवट तंतू, आणि त्यांच्या जाळ्यात अडकून बसलेले प्रोटिओग्लायकनचे अवाढव्य रेणू. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यामुळे ते पाणी ओढून धरतात. पाऊल टेकले की कूर्चा दबते, उचलले की पुन्हा फुगते, ती या तिघांच्या संगनमतामुळे.

नसा नसल्याने कूर्चा बिघडत असताना दुखत नाही. दुखणे सुरू होते तेव्हा बिघाड हाडापर्यंत आणि सांध्याच्या अस्तरापर्यंत गेलेला असतो. सांध्याची तपासणी करणाऱ्यांची सगळी धडपड बिघाड कळण्याची वेळ अलीकडे खेचण्यासाठी चालली आहे.

हंटरच्या मखमलीत दुरुस्ती व्हायला दीडशे वर्षे लागली. १८९८ साली हुल्टक्रांत्झ या स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गोल टोकाची टोचणी शाईत बुडवायची आणि कूर्चेत टोचायची. टोचणी गोल असूनही भोक गोल पडत नसे; शाईची एक लांबट चीर उमटे. शेजारी शेजारी टोचत गेले की या चिरा एका ओळीत लागत आणि सांध्याच्या पृष्ठभागावर रेषांचा एक नकाशाच तयार होई. पृष्ठभागाजवळचे तंतू उभे नसून आडवे पसरलेले आहेत, आणि तेही ठरावीक दिशेने, याचा हा पुरावा होता. पुढे १९२५ साली जर्मन संशोधक आल्फ्रेड बेनिंगहोफ याने दोन्ही निरीक्षणे जुळवली. तंतू हाडाजवळून सरळ वर येतात, पृष्ठभागाखाली कमानीसारखे वळतात आणि पुन्हा खाली जातात, असे त्याचे चित्र होते. खोल थरात उभे, वरच्या थरात आडवे. कूर्चेवरच्या पाठ्यपुस्तकांत आजही तीच कमान छापली जाते.

हे सगळे कापलेल्या, टोचलेल्या कूर्चेवरचे काम. दवाखान्यात आलेल्या माणसाच्या बाबतीत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. १८९५च्या नोव्हेंबरमध्ये व्हिल्हेल्म राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर जिवंत हाडे पाहू लागले. क्ष-किरणांना हाडातले कॅल्शियम अडवते. कूर्चा त्यांच्या लेखी आजूबाजूच्या मऊ भागांसारखीच. त्यामुळे एक्स-रेच्या फिल्मवर कूर्चेच्या जागी दोन हाडांमधली नुसती काळी फट दिसते. फट कमी झाली म्हणजे कूर्चा झिजली, असा उलटा हिशोब डॉक्टरांना करावा लागला. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी या हिशोबाला शून्य ते चार अशा पायऱ्या दिल्या. त्या आजही वापरात आहेत. १९६८ साली आल्बेक या स्वीडिश तज्ज्ञाने उभे राहून, गुडघ्यावर भार देऊन एक्स-रे काढण्याचे महत्त्व दाखवून दिले. पुण्या-नागपुरातल्या अस्थिरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर ‘स्टँडिंग एक्स-रे’ असे लिहिलेले असते, त्याचे मूळ या कामात आहे.

एक्स-रेखेरीज दुसरी पद्धत आत शिरून पाहण्याची. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घातली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी चाळीस वर्षे उलटल्यावर खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल अशी आर्थ्रोस्कोप, म्हणजे सांध्यात घालायची दुर्बीण, बनवली. कूर्चा आता डोळ्यांनी दिसू लागली, सळईने दाबून तिचा मऊपणाही समजू लागला. पण त्यासाठी भूल द्यायची, भोके पाडायची. ज्याचा गुडघा अजून फारसा दुखतच नाही, त्याला कोण ऑपरेशन टेबलावर घेणार?

कूर्चेत नेमके आधी काय बिघडते, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ॲलिस मरूडास यांनी १९६०च्या दशकात कूर्चेच्या पातळ चकत्या घेऊन त्यांतला विद्युतभार मोजायला सुरुवात केली. कूर्चेतून क्षार, साखर, पाणी किती वेगाने पाझरते, हेही त्यांनी चिकाटीने मोजले. १९७६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी मांडलेला मुद्दा असा : प्रोटिओग्लायकन पाणी ओढून फुगू पाहते, कोलॅजेनचे जाळे त्याला आवळून धरते, आणि निरोगी कूर्चा या दोन ताकदींच्या तोलावर उभी असते. जाळे सैल पडले की कूर्चा जास्त पाणी पिते. म्हणजे झिजण्याच्या कितीतरी आधी कूर्चा थोडी फुगते आणि सैलावते! फट मोजणाऱ्या एक्स-रेला ही अवस्था दिसणे शक्यच नव्हते. त्या अवस्थेत मोजण्याजोगी एक गोष्ट होती : पाणी आत किती मोकळेपणाने फिरते आहे.

पाण्याच्या या फिरण्याची कथा मात्र फुलाच्या परागकणांपासून सुरू होते. १८२७ साली स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन याला परागातले सूक्ष्म कण पाण्यात सतत थरथरताना दिसले. १९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनने त्याचा उलगडा केला. पाण्याचे रेणू उष्णतेमुळे सतत एकमेकांवर आदळत भरकटतात. ते सुरुवातीच्या जागेपासून किती दूर जातील, त्या अंतराचा सरासरी वर्ग लोटलेल्या वेळेच्या प्रमाणात वाढतो. शरीराच्या तापमानाला मोकळे पाणी ५० मिलिसेकंदांत एका दिशेने साधारण १७ मायक्रॉन सरकते, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम साठावा भाग. वाटेत तंतू आणि मोठे रेणू आडवे आले तर हे अंतर घटते. किती घटले, यावरून अडथळ्यांचा अंदाज बांधता येतो.

एवढीशी हालचाल पकडायचे साधन १९४६ नंतर हाती आले. त्या वर्षी फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन (एनएमआर) दाखवून दिले. या सुरुवातीच्या वर्षांशी मुंबईचे एक खरे नाते आहे. स्टॅनफर्डमध्ये १९५१ साली अल्कोहोलच्या रेणूतल्या हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवणारा जो प्रसिद्ध शोधनिबंध आला, त्याच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचा विभाग उभा केला. भारतातल्या या विषयाच्या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

१९५० साली एर्विन हानने ‘स्पिन एको’, म्हणजे या संकेताचा प्रतिध्वनी, शोधला. त्याच वेळी त्याच्या लक्षात आले की चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे नसेल तर रेणूंच्या भटकण्यामुळे हा प्रतिध्वनी क्षीण होतो. १९६५ साली एडवर्ड स्टेस्कल आणि जॉन टॅनर यांनी त्यातूनच मोजणीची रीत बसवली. चुंबकीय क्षेत्राला क्षणभर एका बाजूने उतार द्यायचा. त्यामुळे प्रत्येक रेणूवर तो त्या घडीला जिथे असेल त्या जागेची खूण उमटते. काही मिलिसेकंद थांबायचे. मग तेवढाच उतार पुन्हा द्यायचा, पण असा की आधीची खूण पुसली जावी. जो रेणू जागचा हललेला नाही, त्याची खूण पूर्ण पुसली जाते. जो सरकला, त्याची खूण अर्धवट उरते आणि एकूण संकेत तेवढा मंदावतो. संकेत जितका मंद, तितके पाणी जास्त फिरलेले. डिफ्यूजन एमआरआयचे यंत्र आजही मूलतः हेच करते.

प्रतिमा काढणे राहिले होते. ते काम १९७३ साली पॉल लॉटरबरने केले. त्याच्या पहिल्या प्रतिमेत दोन बारीक नळ्यांतले साधे पाणी होते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये डेनिस ल बिहान यांनी लॉटरबरची प्रतिमा आणि स्टेस्कल-टॅनरची मोजणी एकत्र आणली. १९९० साली मायकेल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांवरच्या प्रयोगात दाखवले की मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्यावर तासाभराच्या आत डिफ्यूजन एमआरआयवर बदल दिसतो. इतर पद्धतींना त्यासाठी कितीतरी तास लागत. पक्षाघाताच्या रुग्णासाठी ही तपासणी बघता बघता नित्याची झाली. १९९४ साली पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिहान यांनी ‘डिफ्यूजन टेन्सर’ मांडला. पाणी किती फिरते याबरोबर कोणत्या दिशेने जास्त फिरते, हेही आता सांगता येऊ लागले.

मेंदूवाल्यांनी हे तंत्र उचलले तेव्हाच अमेरिकेत दोन ठिकाणी ते कूर्चेकडे वळवले जात होते. बॉस्टनमध्ये डेबोरा बर्स्टाइन, मार्था ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली कूर्चेतल्या पाण्याचे आणि इतर छोट्या रेणूंचे विसरण मोजून प्रसिद्ध केले. कूर्चा दाबली की विसरण मंदावत होते. एन्झाइम वापरून प्रोटिओग्लायकन काढून टाकले की ते वाढत होते. कॉर्नेल विद्यापीठात यांग शिया आणि त्यांचे सहकारी १९९४-९५ मध्ये सूक्ष्म-एमआरआयने कूर्चेच्या लहान गोल तुकड्यांचे थरागणिक नकाशे काढत होते. खराब केलेल्या कूर्चेत पाणी जास्त मोकळे फिरते, हेच त्यांनाही आढळले. मरूडास यांनी चकत्यांवर दाखवलेले चुंबकाच्या पोटात मोजता येऊ लागले होते.

दिशेचा प्रश्न २००५ साली मार्गी लागू लागला. म्युनिकच्या एका गटाने माणसाच्या गुडघ्याच्या वाटीतली कूर्चा घेऊन तिचे डिफ्यूजन टेन्सर नकाशे प्रसिद्ध केले. हाडाजवळच्या थरात पाण्याची पसंतीची दिशा हाडाशी उभी होती, पृष्ठभागाजवळ ती आडवी झाली होती. होसे राया आणि सहकाऱ्यांनी पुढे असे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पडताळले. पाण्याची दिशा आणि कोलॅजेनची ठेवण जुळत होती. हंटरने तुटक्या कडेवरून ताडलेले उभे तंतू, हुल्टक्रांत्झच्या शाईच्या चिरा, बेनिंगहोफची कमान : या सगळ्यांची साक्ष पाण्याच्या रेणूंनी दिली.

या तपासणीतून दोन आकडे हाती येतात आणि त्यांचे काम वेगवेगळे आहे. पहिला, पाण्याचे सरासरी विसरण. प्रोटिओग्लायकन घटले की तो वाढतो. दुसरा, दिशेच्या पसंतीचे प्रमाण. तो कोलॅजेनच्या मांडणीबद्दल बोलतो. कूर्चेचे दोन मुख्य घटक एकाच तपासणीत वेगवेगळे जोखता येणे, आणि तेही कोणतेही इंजेक्शन न देता, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे.

मग ही तपासणी गावोगावच्या स्कॅन सेंटरमध्ये का पोचली नाही? मेंदूसाठी बसवलेली पद्धत गुडघ्याला तशीच चालत नाही. कूर्चा पातळ आहे, त्यामुळे प्रतिमेतला प्रत्येक ठिपका मिलिमीटरहून लहान हवा. ठिपका लहान केला की संकेत क्षीण होतो. त्यात कूर्चेतला संकेत मेंदूपेक्षा कितीतरी लवकर विरतो. विसरणाच्या खुणा उमटवून पुसेपर्यंत हाती फारसे काही उरत नाही. मेंदूसाठी वापरली जाणारी झटपट पद्धत गुडघ्यात प्रतिमा वाकडी करते. शिवाय मोजायची हालचाल मायक्रॉनची, आणि पाय जरासा हलला किंवा गुडघ्यामागची धमनी धडधडली तरी त्याहून मोठी गडबड होते.

एकेका अडचणीवर एकेक गट झटला. स्टॅनफर्डमध्ये कार्ला मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘स्टेडी स्टेट’ पद्धतीने जिवंत माणसाच्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या विसरण-प्रतिमा मिळवल्या. २००९ साली जपानी संशोधकांनी जिवंत गुडघ्यात टेन्सर मोजल्याचे प्रसिद्ध केले. न्यूयॉर्क विद्यापीठात राया यांच्या गटाने २०१२ साली ७ टेस्लाच्या शक्तिशाली चुंबकात निरोगी माणसे आणि संधिवाताचे रुग्ण यांच्या गुडघ्यांची तुलना केली. रुग्णांच्या कूर्चेत विसरण वाढलेले आणि दिशेची पसंती घटलेली आढळली. ७ टेस्लाची यंत्रे जगात मोजकीच, म्हणून त्याच गटाने केंद्रातून किरणांसारख्या रेषांनी माहिती गोळा करणारी पद्धत ३ टेस्लाच्या यंत्रासाठी बसवली. अशा मोजणीत पायाच्या हालचालीचा त्रास कमी होतो.

कूर्चा दुरुस्त करणाऱ्यांनाही यात रस आहे. १९९४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या शल्यविशारदांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी बाहेर वाढवून गुडघ्यातल्या खड्ड्यात रुजवल्याचे जाहीर केले. हंटरच्या निकालाविरुद्ध उचललेले हे मोठे पाऊल होते. पण खड्डा भरलेला दिसला, तरी भरलेली वस्तू खरी कूर्चा आहे की नुसती वणासारखी धागेदार ऊती, हे बाहेरून कसे ओळखायचे? पुन्हा सुई घालून तुकडा काढणे रुग्णाला नको असते. व्हिएन्नातल्या संशोधकांनी अशा गुडघ्यांवर विसरण मोजले तेव्हा नव्या भागातले पाणी मूळ कूर्चेतल्यापेक्षा मोकळे फिरताना दिसले. नवा भाग किती पक्व झाला, याचा माग घ्यायला ही मोजणी उपयोगी पडू शकते.

डिफ्यूजन एमआरआयला प्रतिस्पर्धीही आहेत. बर्स्टाइन आणि ग्रे यांनीच विकसित केलेल्या दुसऱ्या पद्धतीत गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन ते कूर्चेत मुरेपर्यंत ताटकळावे लागते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भारतीय वंशाचे रविंदर रेड्डी यांच्या गटाने ‘टी-१-रो’ नावाच्या एमआरआय मोजणीवर आणि सोडियमच्या प्रतिमांवर मोलाचे काम केले. संकेत किती लवकर विरतो हे दाखवणारा ‘टी-२’ नकाशा सर्वांत सोपा. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या प्रचंड अभ्यासात ४५ ते ७९ वयाचे ४,७९६ लोक सामील झाले, त्यांच्या गुडघ्यांचे वर्षानुवर्षे एमआरआय झाले. त्या वेळापत्रकात टी-२ला जागा मिळाली, विसरणाला मिळाली नाही. जगातला सर्वांत मोठा गुडघ्यांचा साठा या मोजणीविना राहिला, हे नुकसान लहान नाही.

कारण गरज अजून तशीच आहे. कूर्चेची झीज थांबवणारे किंवा उलटवणारे एकही औषध आजवर औषध-नियामकांची मान्यता मिळवू शकलेले नाही. अशा औषधाची चाचणी एक्स-रेवरची फट मोजून घ्यायची, तर वर्षाकाठी मिलिमीटरच्या अंशाने होणारा बदल दिसायला काही वर्षे आणि शेकडो रुग्ण लागतात. तोवर कित्येकांची कूर्चा औषध लागू पडण्याच्या पलीकडे गेलेली असते. पाण्याचे विसरण हा बदल कूर्चा जागेवर असतानाच सांगू शकते. म्हणूनच या पद्धतीची खरी जागा आधी औषधांच्या चाचण्यांत आहे आणि नंतर दवाखान्यात. त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच गुडघ्याचा आकडा सारखा यायला हवा, आणि तपासणी काही मिनिटांत आटपायला हवी. भारतात तर यंत्राची किंमत हीच पहिली अडचण आहे. पवईच्या ‘समीर’ संस्थेच्या पुढाकाराने देशी बनावटीच्या १.५ टेस्ला एमआरआयचे काम चालू आहे आणि त्याच्या चाचण्यांसाठी २०२५ साली दिल्लीच्या ‘एम्स’शी करार झाला आहे. अशी यंत्रे स्वस्तात मिळू लागली तर संशोधनासाठीही ती मोकळी होतील.

आज तुमच्या गुडघ्याच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये विसरणाचा आकडा नसतो, आणि त्यासाठी हट्ट धरून उपयोगही नाही. कूर्चा बिघडत असूनही दुखत नाही, त्या मूक अवस्थेत काय करावे, हे मात्र आजही ठाऊक आहे : मांडीचे स्नायू बळकट ठेवावेत आणि वजन आटोक्यात ठेवावे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल माणसांचे वजन १ किलोने घटले तेव्हा चालताना पावलागणिक गुडघ्यावर येणारा भार सुमारे ४ किलोने कमी झाल्याचे आढळले.